सुई, धागा आणि रक्तवाहिनी



धानाच्या कापणीत विळा लागतो, नागपूर-रायपूर महामार्गावर अपघात होतो, आणि क्षणात हातापायाची रोहिणी तुटते. लाखनीकरांना हे चित्र अपरिचित नाही. ही तुटलेली वाहिनी जोडण्याची विद्या मानवाने कशी मिळविली, याचा इतिहास बोधप्रद आहे.

आपल्या देशात सुश्रुताने रक्तस्राव थांबविण्याचे चार उपाय सांगितले. स्पेनमधील कुर्तुब्याजवळ इ. स. ९३६ च्या सुमारास जन्मलेल्या अबुल कासिम अल्-झहरावी यांनी ‘अत्-तसरीफ’ हा तीस भागांचा ग्रंथ लिहिला. रोहिणी तुटल्यास डागणे किंवा धाग्याने घट्ट बांधणे हे उपाय त्यात आहेत. बाराव्या शतकात ग्रंथाचा शस्त्रक्रियेचा भाग लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातील शल्यवैद्यांचा आधार ठरला.

परंतु बांधल्याने प्राण वाचत, अवयव वाचेलच असे नसे. १८९४ साली फ्रान्सचे अध्यक्ष कार्नो यांच्यावर लियों शहरात सुरीहल्ला झाला. यकृताकडे जाणारी मोठी नीला तुटली आणि ते दगावले. त्याच शहरातील तरुण डॉक्टर अलेक्सी कॅरेल यांना वाटले, ही वाहिनी शिवता का येऊ नये? भरतकाम करणाऱ्या एका कुशल स्त्रीकडून ते बारीक टाके शिकले. १९०२ मध्ये त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली आणि १९१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही दुसऱ्या महायुद्धात बहुतेक जखमींच्या रोहिण्या नुसत्या बांधल्या गेल्या आणि सुमारे निम्म्यांचे अवयव कापावे लागले. कोरियाच्या युद्धात (१९५०-५३) वाहिन्या शिवू लागल्यावर हे प्रमाण शंभरात सुमारे तेरांवर आले. जखमीला लवकर शल्यगृहात पोहोचविणे हेही त्याचे मोठे कारण होते.

यातून आपण काय घ्यावे? रक्त उडत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर ठेवून जोराने, न सोडता दाबून धरा. हळद, चुना, माती भरू नका. रक्ताविना अवयव साधारण सहा तासच तग धरतो, म्हणून विनाविलंब मोठे रुग्णालय गाठा.

आणि पालकहो, घरातील मुलीच्या हातची सुई क्षुल्लक समजू नका. एका भरतकाम करणारीच्या टाक्याने नोबेल विजेत्याला वाट दाखविली. त्याच हाती पुस्तक दिले, तर उद्या ती स्वतःच शल्यविशारद का होऊ नये?