पंप बंद पडला तर किती मिनिटं?

कारखाना आधी संगणकावर चालवून बघायचा आणि धोका कुठे दबा धरून बसलाय ते हुडकायचं, ही पद्धत दोन घराण्यांतून आली. बराच काळ त्यांची एकमेकांशी फारशी ओळख नव्हती.

एक घराणं कागदाचं. 1963 साली इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत फेनॉलच्या नव्या प्लांटचा आराखडा टेबलावर पसरून तिघेजण आठवड्याचे तीन दिवस, असे चार महिने बसले. नळी बदलायची, प्रश्न तेच: प्रवाह थांबला तर? वाढला तर? उलटा फिरला तर? याचंच पुढे ‘हॅझॉप’ झालं.

दुसरं घराणं नफ्याचं. मोन्सँटोचं फ्लोट्रान किंवा 1976 पासून एमआयटीत घडलेलं अ‍ॅस्पेन हे वाफ किती लागेल, माल किती निघेल याचा ताळेबंद मांडणारे प्रोग्राम. त्यात सगळं एका चालीत सुरळीत चाललंय असंच धरलेलं. अपघात मात्र चाल बिघडल्यावर होतो. काळाचा हिशेब ठेवणारी सिम्युलेशनं हाताशी आली, तेव्हा कुठे ही सोयरीक जुळली.

थंड पाण्याचा पंप बंद पडला की रिअ‍ॅक्टर तापणार, हे हॅझॉपच्या बैठकीत कोणीही सांगेल. किती मिनिटांत, ते नाही. तापमान 10 अंशांनी वाढलं की प्रक्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. रिअ‍ॅक्टरभोवतीच्या थंड पाण्याच्या जॅकेटमधून बाहेर जाणारी उष्णता मात्र सावकाश, सरळ रेषेत वाढते. आत तयार होणाऱ्या उष्णतेने बाहेर जाणाऱ्या उष्णतेला एकदा मागे टाकलं की ऑपरेटरच्या हातात फारसं काही उरत नाही. 1984 साली भोपाळच्या वायुगळतीत मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरलं तेव्हा शीतयंत्रणा आधीच बंद होती. त्यानंतर 1987 साली कारखाना कायदा सुधारला, 1989 साली घातक रसायनांचे नियम आले.

आता आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प डीडब्ल्यूसिम हे मोफत सॉफ्टवेअर पोरांना शिकवतो. घरच्या खोलीत लॅपटॉपवरही ते चालेल. पण असली सॉफ्टवेअरं मुळात तेलशुद्धीसारख्या अखंड चालणाऱ्या प्लांटसाठी घडलेली. एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यात एकाच भांड्यात आज हे, उद्या ते, असा बॅचचा मामला. तिथे हवा असतो तो त्या प्रक्रियेच्या उष्णतेचा खरा आकडा. तो कॅलरीमीटरवर मोजावा लागतो, त्याला पैसे पडतात. तेवढा खर्च वाचवून अंदाजे काहीतरी भरलं, तरी पडद्यावर आलेख तितकाच सुबक उमटतो.