जलकंठेश्वर मंदिरातील कल्याण मंडप, वेल्लोर

कल्याण मंडप हा तमिळनाडूतील वेल्लोर शहरातील भुईकोट किल्ल्यात असलेल्या जलकंठेश्वर या शिवमंदिराचा एक भाग आहे. इ.स.च्या १६व्या शतकातील ही वास्तू विजयनगर शैलीतील दगडी कोरीव कामाचा उत्तम नमुना मानली जाते. मराठीत 'कल्याण' म्हणजे हित किंवा मंगल. तमिळ, तेलुगू व कन्नड भाषांत मात्र याच शब्दाला विवाह असाही अर्थ आहे. त्यामुळे कल्याण मंडप म्हणजे विवाहमंडप, आणि तोही देवाच्या विवाहाचा. वार्षिक उत्सवात देव व देवी यांच्या उत्सवमूर्ती गाभाऱ्यातून येथे आणून त्यांचा विवाह लावण्याची प्रथा दक्षिणेतील मोठ्या मंदिरांत आहे. वेल्लोर येथे देवीचे नाव अखिलांडेश्वरी आहे.

स्थापना

किल्ला व मंदिर यांचे बांधकाम विजयनगरच्या सदाशिवरायाचा मांडलिक चिन्न बोम्मी नायक याच्याशी जोडले जाते. १५६६ च्या सुमाराच्या लेखांत देवाचा उल्लेख 'ज्वरखंडेश्वर', म्हणजे ताप हरण करणारा, असा येतो. आजच्या प्रचलित नावाचा संबंध पाण्याशी लावला जातो. पाण्याने भरलेल्या रुंद खंदकामुळे ते नाव या स्थळाला शोभतेही.

रचना व शिल्पे

दक्षिणेकडील सात मजली गोपुरातून आत आल्यावर बाहेरच्या प्रांगणात डाव्या हाताला, म्हणजे नैर्ऋत्य कोपऱ्यात, हा मंडप आहे. दर्शनी रांगेतील खांब हेच त्याचे मुख्य वैभव होय. मागील पायांवर उभे राहिलेले घोडे व याळी (सिंहासारखे काल्पनिक पशू), त्यांच्यावरील स्वार आणि खुरांखालील योद्धे व प्राणी हे सर्व खांबाच्याच दगडातून कोरून काढलेले आहेत. खांबाचा मुख्य दंड या आकृत्यांच्या मागे जवळजवळ झाकला जातो. वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी भारतीय वास्तुकलेवरील आपल्या १८७६ च्या ग्रंथात येथील संयुक्त खांबाचे चित्र दिले आहे.

बैल व हत्ती यांना एकच मस्तक असलेले शिल्प पाहणाऱ्यांना विशेष आवडते. एक बाजू हाताने झाकल्यास बैल दिसतो, दुसरी झाकल्यास हत्ती. मंडपाच्या मागील भागातील उंच चौथरा उत्सवमूर्तींसाठी असून त्याला कासवाचा आधार दाखवला आहे. छताकडे मात्र अनेकांचे लक्ष जात नाही. तेथे मधल्या कमळाभोवती उलटे लटकलेले पोपट कोरले आहेत. बाहेर झुकलेल्या वक्र छज्जाच्या खालच्या बाजूस लाकडी वाशांची नक्कल दगडात उतरवली आहे. सुताराची रीत पाथरवटाने जपल्याची ही खूण आहे.

अशा मंडपांची तुलना हंपीचे विठ्ठल मंदिर व कांचीपुरमचे वरदराज मंदिर येथील मंडपांशी केली जाते. लेपाक्षी येथील कल्याण मंडप छताविना अपूर्णच राहिला. वेल्लोरचा पूर्ण झाला, पण त्याच्या वाट्याला वेगळेच दिवस आले.

किल्ल्याचा इतिहास आणि मंडप

१७व्या शतकाच्या मध्यानंतर किल्ला विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला. छत्रपती शिवाजी महाराजांच्या दक्षिण दिग्विजयात १६७७ मध्ये त्याला वेढा पडला. समोरच्या टेकड्यांवर साजरा व गोजरा हे दोन गड उभारून तेथून मारा करण्यात आला, आणि १६७८ मध्ये किल्ला मराठ्यांच्या हाती आला. खंदकातील सुसरींचा उल्लेख सभासद बखरीतही आहे. १७०८ मध्ये मोगल सरदार दाऊदखानाने किल्ला घेतला. पुढे तो अर्काटच्या नवाबाकडे व नंतर इंग्रजांकडे गेला.

या धामधुमीत गाभाऱ्यातील शिवलिंग बाहेर हलवले गेले आणि दीर्घकाळ मंदिरात पूजा होत नव्हती. लिंग शहरालगतच्या सत्तुवाचारी येथे ठेवलेले होते. ब्रिटिश काळात मंदिराचा उपयोग शस्त्रागार म्हणून झाला. ज्या मंडपात वऱ्हाडी जमायचे, तो लष्करी आवाराचा भाग झाला. मंडप सुटा करून इंग्लंडला नेण्याचा बेत होता, पण त्यासाठीचे जहाज बुडाले, अशी आख्यायिका सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, मंडप जागेवरच राहिला.

किल्ला पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आला, परंतु देवाविना असलेले मंदिर हे केवळ स्मारक ठरते, अशी स्थानिक भाविकांची भावना होती. अखेर १९८१ मध्ये लिंगाची गाभाऱ्यात पुन्हा प्रतिष्ठापना झाली. तेव्हापासून ही वास्तू संरक्षित स्मारक आणि नांदते मंदिर अशी दोन्ही आहे. दिव्यांचे तेल, धूर व गर्दीचा स्पर्श यांमुळे कोरीव कामाची झीज होऊ शकते. दुसरीकडे, ज्या कारणासाठी हा मंडप कोरला गेला ते कारण त्याला पूजेमुळेच परत मिळाले.

भेट

वेल्लोर चेन्नईच्या पश्चिमेस सुमारे १४० किमी अंतरावर आहे. काटपाडी जंक्शन हे जवळचे मोठे रेल्वे स्थानक होय. मंदिर नांदते असल्याने पादत्राणे बाहेर काढावी लागतात. याच किल्ल्यात एक चर्च व एक मशीदही आहे, आणि १० जुलै १८०६ रोजी येथेच हिंदी शिपायांनी कंपनीविरुद्ध उठाव केला होता.