पेटी जपून, आत काचा आहेत

डोक्यावरची पेटी दोन्ही हातांनी धरा. आत काचा आहेत.

वैशाख आहे. वाघूरचं पात्र कोरडं पडलंय, गोटे तव्यासारखे तापलेत आणि तुमच्या वहाणेचा अंगठा मघाशीच तुटलाय. घाम डोळ्यांत उतरतोय, पण पुसायला हात मोकळा नाही. मागे तंबूचे बांबू, पाण्याची मडकी. पुढे खांद्यावर बंदूक टाकून मेजर रॉबर्ट गिल.

खानदेशाच्या वेशीवरच्या या अजिंठ्यात साहेब वर्षानुवर्षं भिंतींवरची चित्रं कापडावर उतरवतोय. आता हाती कॅमेराही आलाय.

लेण्यात शिरताच अंगाला गारवा लागतो, पाठोपाठ वटवाघळांच्या विष्ठेचा उग्र दर्प. तोंडाने श्वास घ्या. बोला हळू, कड्याला आग्यामोहोळं लोंबताहेत.

बाहेर काळा तंबू उभा राहिला. आत ईथरचा गोडसर वास, डोकं जड करणारा. साहेब काचेवर चिकट द्रव ओततो, चारही कोपऱ्यांपर्यंत खेळवतो, मग काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवतो. काच ओली आहे तोवरच फोटो. आणि या उन्हात ती वाळायला कितीसा वेळ!

खांबापाशी तुम्हालाच उभं केलंय, खांबाची उंची कळावी म्हणून. नाकावर माशी बसते. हलू नका. पापणीही जड होते.

झालं! धावत तंबूत. काचेवर तुम्ही हळूहळू उमटता, पण उलटे: सावळा चेहरा पांढराफटक, पांढरं धोतर काळं. पोटात धस्स होतं.

सावलीत कळण्याची भाकरी, ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा. चांदीच्या पाण्याचे काळे डाग बोटांवरून निघत नाहीत.

संध्याकाळी दोन भिंगांची चौकट तुमच्या हाती येते. आत एकाच जागेचे दोन फोटो, शेजारी शेजारी. डोळे लावा. क्षणभर धूसर, आणि मग लेणं आत खोल उघडतं, खांब पुढे सरकतो. तुम्ही हात लांब करता. बोटांना नुसती हवा लागते.

"सरक ना भो, मले बी पाहू दे!" मागून पाठीत कोपर बसतं.

अशाच 100 जोडचित्रांचं पुस्तक 1864 मध्ये लंडनला निघालं. त्यात लेणी, तसं इथलं रानही. तिथल्या दिवाणखान्यांत लोक असेच भिंगाला डोळे लावून या दरीत उतरले. साहेबाची मोठाली तैलचित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. 1866 च्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली. वर्षांची मेहनत बघता बघता राख. साहेब मात्र इथलाच होऊन राहिला. 1879 मध्ये गेला. भुसावळच्या मातीत निजलाय.

पण ते पुढचं. आत्ता अंधार पडतोय, घाट चढायचाय. पेटी उचला. जपून.