चिपटं, मापटं आणि नवा पैसा

१ एप्रिल १९५७. सोमवार होता. त्या दिवशी आपल्या देशात नवा पैसा चालू झाला. आदल्या दिवसापर्यंत रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै, असा हिशोब होता. म्हणजे रुपयाचे पैसे ६४ आणि पै १९२. कायद्यात दुरुस्ती १९५५ सालीच झाली होती, पण सामान्य माणसाच्या हातात नवं नाणं पडलं ते त्या सोमवारपासून. जुन्या पैशाशी गल्लत होऊ नये म्हणून त्याला 'नया पैसा' म्हणायचं ठरलं. हे 'नया' पुढे १९६४ साली अधिकृतपणे काढून टाकलं आणि पैसा नुसता पैसा झाला.

इतिहासाच्या पुस्तकात याला दोन ओळी मिळतात. मी स्वतः पस्तीसएक वर्षं मुलांना शिकवलं, मीही दोनच ओळी सांगितल्या असतील. त्या दोन ओळींच्या आत काय होतं ते मला गेल्या महिन्यात, वयाच्या पंचाहत्तरीत, स्वयंपाकघरात कळलं. सांगणारी माझी आई, वय ९४. आणि विचारणारी माझी नात, वय ६.

झालं असं की घरची सगळी मंडळी एका लग्नाला गेली आणि दिवसभरासाठी घरात आम्ही तिघंच उरलो. नातीला सर्दी होती म्हणून ती राहिली, आई आता कुठेच जात नाही, आणि दोघींकडे बघायला मी. आईची स्मृती गेल्या वर्षभरात फार विरळ झाली आहे. मला कधीकधी ती माझ्या मामाच्या नावाने हाक मारते. सकाळचा चहा झाला की नाही हे दोनदा विचारते. नातीला ती फार आवडते, पण दोघींचं बोलणं दोन वाक्यांपुढे जात नाही, कारण एकीला आठवत नाही आणि दुसरीला समजत नाही.

दुपारच्या भाताला तांदूळ काढायचे होते. कुकरबरोबर आलेला प्लॅस्टिकचा छोटा पेला आमच्याकडे मापाला वापरतात. नात तो घेऊन मोठ्या आजीपुढे उभी राहिली. आईने तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, "हे चिपटं का गं?"

चिपटं हा शब्द नातीने कधी ऐकलेला नव्हता. तिला हसू फुटलं. मग विचारत सुटली, चिपटं म्हणजे काय आणि त्याच्याहून मोठं काय. आणि जी बाई सकाळपासून तीन वेळा वार विचारत होती ती न अडखळता सांगू लागली. दोन चिपट्यांचं मापटं. दोन मापट्यांचा शेर. चार शेरांची पायली. मण मात्र गावागणिक बदलतो, माझ्या माहेरचा वेगळा आणि इथला वेगळा!

मला एक गोष्ट त्या वेळी नव्याने जाणवली. ही सगळी मापं निम्म्याने उतरत जातात. आण्यांचंही तसंच : रुपया, अधेली, पावली, चवली, आणा. तराजू असो किंवा नुसता धान्याचा ढीग असो, हाताने निम्मं करणं सोपं. निम्म्याचं निम्मं त्याहून सोपं. ढिगाचा दहावा भाग काढून दाखवा बरं! ज्यांच्याकडे कागद-पेन्सिल नव्हती त्यांनी ही मापं केली, आणि त्यांच्या हाताला जे जमत होतं तेच केलं.

आमच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे म्हटले आहेत. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. नवीन मंडळींना वाटतं, हा जुन्या पंतोजींचा छळ असावा. मलाही पाठ करताना तसंच वाटायचं. पण अडीचकी कशाला लागायची ते बघा. पक्का मण म्हणजे चाळीस शेर. एखादी वस्तू एक आणा शेर असेल तर मणाला चाळीस आणे, म्हणजे अडीच रुपये. तेव्हा शेराला जितके आणे, त्याच्या अडीचपट रुपये मणाला. गूळ सात आणे शेर असेल तर अडीचकीत सातावर जायचं : साडेसतरा. झाला मणाचा भाव. तसंच शेराच्या छटाका सोळा आणि रुपयाचे आणेही सोळा, म्हणून शेराला जितके रुपये तितकेच आणे छटाकेला. तूप तीन रुपये शेर असेल तर छटाकभर तीन आण्यांना. माझी आई मराठी चौथी पास. तिला हे कुणी नियम म्हणून शिकवलं नव्हतं. तिला ते येत होतं.

याचा अर्थ जुनं ते सगळं सोनं होतं असा नाही. धान्य मोजायचा शेर मापाचा, तूप-तेलाचा वजनाचा, आणि दोन्हींचं नाव शेरच. शिवाय माप भरायची पद्धत दोन तऱ्हेची. एक सपाट, आणि दुसरी शीग लावून, म्हणजे मापाच्या तोंडावर धान्याचा शंकू उभा राहील अशी. आपण 'उत्साह शिगेला पोचला' म्हणतो ती हीच शीग. आई सांगते, तिच्या माहेरी एक सावकार होता. तो धान्य उसनं देताना मापावरून हात फिरवून सपाट द्यायचा आणि परत घेताना शिगोशीग घ्यायचा. व्याज वेगळंच. माप तेच, पायलीही तीच, आणि तक्रार करायची तर कुणाकडे? मोजमापांचा कायदा १९५६ साली झाला, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आला आणि १९६२ पर्यंत सक्तीचा झाला. तो यायलाच हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे. गावागणिक बदलणाऱ्या मणात गरीबच बुडत होता.

असो. जेवणं झाली. आई पडली, पण नातीचं समाधान झालं नव्हतं. मी कपाटातून जुन्या नाण्यांची डबी काढून तिला दिली. तिच्यात भोकाचा पैसा आहे. महायुद्धात धातू वाचवायला १९४३ पासून मध्ये भोक असलेला तांब्याच्या रंगाचा पैसा काढला होता, तो. नातीने तो करंगळीत घातला आणि आईला उठवून दाखवला. त्या नाण्यावरून नव्या पैशाची गोष्ट निघाली.

इथे थोडं गणित सांगणं भाग आहे. चार आण्यांचे बरोबर पंचवीस नये पैसे. पण एका आण्याचे? सव्वासहा. नाणं तर सव्वासहाचं नाही. म्हणून नियम असा होता की अर्धा किंवा त्याहून कमी अपूर्णांक सोडून द्यायचा, अर्ध्याच्या वर असेल तर पुरा धरायचा. तसे तक्तेच छापलेले असत. एक आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, चार आण्यांचे २५.

आता आईचं बोलणं. नातीला ती म्हणाली, "वाण्याकडे तीन आण्यांचं काही घ्यायचं नाही. आधी दोन आण्यांचं घ्यायचं, पैसे द्यायचे. मग आठवल्यासारखं करायचं आणि एक आण्याचं घ्यायचं."

नातीला काही कळलं नाही. मला कळायलाही क्षणभर लागला. दोन आण्यांचे बारा आणि एक आण्याचे सहा, झाले अठरा. एकदम घेतलं असतं तर एकोणीस. प्रत्येक तीन आण्यांमागे एक नवा पैसा माझ्या आईच्या पदरात! आणि चार वेळा एकेक आण्याचं घेतलं तर चोवीसच द्यावे लागणार. सरकारी तक्त्यातली ही फट सव्वीस वर्षांच्या, चौथी पास बाईने चुलीपुढे बसून शोधली होती. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. वाण्याकडे पुन्हापुन्हा मलाच पिटाळलं जायचं आणि आईला एका वेळी सगळं कसं आठवत नाही याचा मला राग यायचा, तेवढं मात्र मला पक्कं आठवतं. अडुसष्ट वर्षांनी खुलासा झाला.

"आणि भाजीवालीकडे?" मी विचारलं.

"छे! तिच्याशी कसला हिशोब? ती बिचारी सहाला आणा म्हणून द्यायची, तिचाच पाव पैसा जायचा. चार जुड्या घेतल्या तर तिला मी पावलीच द्यायची."

मी लगेच मनात मांडलं. रोज एक पैसा धरला तरी वर्षाचे ३ रुपये ६५ पैसे. त्या काळी घरखर्चात बाईच्या स्वतःच्या हातात काहीच नसे. महिन्याचा पगार वडील आणत, सामानाचे पैसे मोजून देत आणि हिशोब मोजून घेत. त्या हिशोबात तीन आण्यांचे एकोणीसच लागत असणार. मला फार उत्सुकता लागली. विचारलं, "आई, त्या पैशांचं तू काय केलंस?"

ती बराच वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, "नाही रे आठवत." आणि लगेच नातीला म्हणाली, "चहा झाला का गं आपला?"

मी पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळी तिने मला परत मामाच्या नावाने हाक मारली.

नातीची शाळा इंग्रजी. तिला त्रेसष्ट सांगितलं तर सिक्स्टी थ्री म्हणावं लागतं. आईला सिक्स्टी थ्री कळत नाही. दोघींमध्ये मी दुभाषा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात त्रेसष्टला 'साठ तीन' असंही वाचायला सांगितलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, विधिमंडळापर्यंत गेला. माझ्या निवृत्त सहकाऱ्यांपैकी बहुतेक जण विरोधात होते. मी नव्हतो. जोडाक्षरांत अडकून गणिताला घाबरलेली मुलं मी वर्गात पाहिली आहेत. आणि १९५७ सालीही आमच्या गावात लोक म्हणतच होते की आता पोरांना हिशोब येणार नाही.

हिशोब आला. पावकी-निमकी मात्र गेली, कारण तिचं काम संपलं. पंचवीस पैशांचं नाणंही ३० जून २०११ पासून चलनातून गेलं आणि पावलीचं उरलंसुरलं नाव पुसलं. मजा अशी की मंडईत अजून 'पावशेर' मिरच्या मिळतात आणि त्या अडीचशे ग्रॅम असतात. सराफ अजून तोळा म्हणतो, पण तो दहा ग्रॅमचा. जुना तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वर होता. म्हणजे नाव जुनं आणि माप लहान.

आता एक काम, ते नातेवाइकांसाठी. आपल्या गावच्या घरी पितळी मापांचा संच होता. चिपटं, मापटं, शेर आणि पायली. त्यातल्या शेराला एका बाजूला पोचा होता. वाटण्यांच्या वेळी तो कुणाकडे गेला ते मला माहीत नाही, आणि मला तो मागायचाही नाही. फक्त पंधरा दिवसांसाठी हवा आहे. नातीने पेल्याने मोजून बघितलं, पण चिपट्यात किती पेले बसतात ते चिपटं असल्याशिवाय कसं सांगणार? आई म्हणते दीड. मला एक वाटतो. ज्यांच्याकडे असेल त्यांनी फोन करावा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.