ल्यूसी विल्स
ल्यूसी विल्स (जन्म : १० मे १८८८, सटन कोल्डफील्ड, इंग्लंड, मृत्यू : एप्रिल १९६४) या ब्रिटिश वैद्यकीय संशोधक होत्या. गरोदरपणातील रक्तक्षयाचा आहाराशी असलेला संबंध त्यांनी मुंबईतील संशोधनातून दाखवून दिला.

शिक्षण
विल्स यांनी केंब्रिजच्या न्यूनम महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र व भूशास्त्राचा अभ्यास केला. मात्र, केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना पदवी देत नसे. पुढे लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयातून त्या १९२० मध्ये डॉक्टर झाल्या.

मुंबईतील संशोधन
१९२८ मध्ये विल्स भारतात आल्या आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. कापडगिरण्यांतील गरोदर कामगार स्त्रियांमध्ये तीव्र रक्तक्षय आढळत असे व तो अनेकदा प्राणघातक ठरे. या विकारात रक्तातील तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होतात. रोगाचे कारण जंतुसंसर्ग असावा, ही शक्यता विल्स यांनी तपासली. परंतु तसा पुरावा मिळाला नाही. निरनिराळ्या सामाजिक गटांतील स्त्रियांच्या आहाराची तुलना केल्यावर असे दिसले की, ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट होता, त्या गरीब मुस्लिम स्त्रियांमध्येच या रक्तक्षयाचे प्रमाण सर्वाधिक होते.

त्यानंतर त्यांनी उंदीर व माकडांवर आहारविषयक प्रयोग केले. मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, असे त्यांना आढळले. रुग्ण स्त्रियांनाही त्याचा गुण आला. हे निष्कर्ष १९३१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. यीस्टमधील या अज्ञात घटकास 'विल्स घटक' असे नाव पडले. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून फोलिक आम्ल वेगळे करण्यात आले. विल्स घटक म्हणजे फोलेट, हे पुढे स्पष्ट झाले.

उत्तरायुष्य
लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात विल्स यांनी १९४७ पर्यंत विकृतिशास्त्रज्ञ म्हणून काम केले. निवृत्तीनंतरही जमैका, फिजी व दक्षिण आफ्रिका येथे त्यांनी पोषण व रक्तक्षयाचा अभ्यास केला. चेल्सी येथे त्या मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या.

महत्त्व
या रक्तक्षयाचे मूळ गरिबीमुळे अपुऱ्या राहिलेल्या आहारात आहे आणि त्यावर स्वस्त उपाय शक्य आहे, हे विल्स यांच्या कार्यातून सिद्ध झाले. गर्भाच्या मेंदू व मज्जारज्जूतील जन्मजात दोष टाळण्यासही फोलिक आम्ल उपयुक्त असल्याचे नंतरच्या संशोधनात आढळले. भारतात १९७० पासून राष्ट्रीय कार्यक्रमाद्वारे गरोदर स्त्रियांना लोह व फोलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या जातात.