मोडीत निघालेल्या आगबोटी



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींना नवल वाटलं असेल. भंडारा रोड स्टेशनापासून मुंबई रेल्वेने जवळपास नऊशे किलोमीटर. आपलं पाणी म्हणजे वैनगंगा आणि मालगुजारी तलाव, आपली बोट म्हणजे ढिवरांचा डोंगा. मग समुद्रावरच्या मोठमोठ्या प्रवासी आगबोटी कशा मोडीत निघाल्या, याची गोष्ट इथे कशासाठी?

एक कारण तर शब्दातच आहे. ‘मोड’ हा शब्द भंडाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. हे पितळेचं शहर. घरातला फुटका गुंड, चेपलेली परात घेऊन दुकानात गेलं, की दुकानदार आधी ते काट्यावर टाकतो. आजीच्या लग्नातला गुंड आहे, त्यावर तिचं नाव कोरलेलं आहे, हे त्याला ऐकू येतं, पण काट्याला ऐकू येत नाही. वजन होतं, घट धरली जाते, मोडीचा भाव लागतो. बोटीचंही हेच होतं. फरक इतकाच, की तिथे काट्यावर दोन-तीनशे मीटर लांबीचं भांडं असतं.

दुसरं कारण भंडाऱ्याच्या इतिहासातलं आहे, आणि आम्ही आज तिथूनच सुरुवात करणार आहोत.

१९५४ सालच्या मे महिन्यात भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. द्विसदस्यीय मतदारसंघ होता. राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले, दुसऱ्या जागेवर अशोक मेहता आले, बाबासाहेब हरले. ही निवडणूक इथल्या जुन्या घरांतून अजूनही सांगितली जाते. पण त्याच वर्षी, निवडणुकीच्या काही महिने आधी, स्कॉटलंडमधल्या फासलेन नावाच्या धक्क्यावर एक जुनी आगबोट तोडण्यासाठी येऊन लागली होती. तिचं नाव ‘मुलतान’. पी अँड ओ कंपनीची बोट. १५ ऑगस्ट १९३१ रोजी बाबासाहेब दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून निघाले, ते याच बोटीने. आदल्याच दिवशी मणिभवनात त्यांची आणि गांधीजींची पहिली भेट झाली होती, आणि ती काही गोडीत झाली नव्हती. गांधीजी दोन आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, ‘राजपुताना’ बोटीने गेले.

आता १९५४ चा हा निव्वळ योगायोग आहे. त्यातून काही गूढ अर्थ काढू नका. पण या योगायोगाला धरून एक प्रश्न विचारता येतो: बाबासाहेब ज्या बोटींतून गेले-आले, त्यांचं पुढे काय झालं?

१९१३ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला उतरले ते ‘अँकोना’ या इटालियन बोटीने. ती १९१५ साली भूमध्य समुद्रात पाणबुडीने बुडवली. १९१७ मध्ये ते ‘कैसर-इ-हिंद’ने परत आले. त्यांची पुस्तकं दुसऱ्या बोटीवर होती, आणि ती बोट टॉर्पेडोने बुडाली. पै पै वाचवून घेतलेली पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली. ‘कैसर-इ-हिंद’ मात्र युद्धातून वाचली आणि १९३८ मध्ये इंग्लंडात तोडली गेली. ४ ऑक्टोबर १९३० ला पहिल्या गोलमेज परिषदेला ते गेले ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ने. ती तेव्हा जेमतेम दीड वर्षाची, पी अँड ओची लाडकी बोट. १९४२ च्या नोव्हेंबरमध्ये, सैनिक उत्तर आफ्रिकेत उतरवून परतताना जर्मन पाणबुडीने तिला बुडवलं. गांधीजींची ‘राजपुताना’ही १९४१ मध्ये तशीच गेली.

म्हणजे पाहा, या पाच-सहा बोटींपैकी बहुतेकांना पाण्यातच मरण आलं. म्हातारपण पाहायला ‘कैसर-इ-हिंद’ आणि ‘मुलतान’ या दोघीच उरल्या.

‘मुलतान’ १९२३ मध्ये बेलफास्टला बांधलेली. युद्धात तिच्यावर तोफा बसवल्या, नंतर सैन्य वाहिलं, आणि युद्ध संपल्यावर ब्रिटनमधून ऑस्ट्रेलियात स्थायिक व्हायला निघालेल्या माणसांना ती नेत राहिली. तीस वर्षं चालली. कागदोपत्री ती २०,८४७ टनांची. इथे एक गंमत सांगायला हवी. हे टन वजनाचे नसतात. प्रवासी बोटीचं हे माप तिच्या आतल्या जागेचं असतं: किती खोल्या, किती मजले, किती माणसं मावतील. बोट विकून तोडायला काढली, की हे माप कुणी विचारत नाही. मग मोजतात ते तिचं रिकामं वजन, त्यातलं पोलाद, पितळ, तांबं. जिवंतपणी जागेवर मोजायचं, मेल्यावर वजनावर. आपल्या गुंडाचंही तसंच नाही का? घरात असेपर्यंत त्यात पाणी किती मावतं ते बघायचं, दुकानात गेला की किलो किती.

आता आमचा मुख्य मुद्दा. बोट म्हातारी झाली म्हणून मोडीत निघते, असं आपल्याला वाटतं. ते अर्धंच खरं आहे. बोट मोडीत निघते हिशोब बदलला म्हणून.

‘मुलतान’चा शेवट जुन्या पद्धतीचा होता. ती गेली, कारण नवी आली. त्याच १९५४ साली पी अँड ओने ‘आर्केडिया’ आणि ‘आयबेरिया’ या दोन झकपक बोटी समुद्रात आणल्या. सून आली, सासूने किल्ल्या दिल्या, एवढंच. कंपनीला वाटत होतं की आणखी तीस वर्षं असंच चालेल. पण ‘आयबेरिया’ किती वर्षं चालली? अठरा. १९७२ मध्ये ती तैवानच्या काओशुंग बंदरात तोडायला गेली. तिच्या पाठोपाठ ‘चुसान’ १९७३ मध्ये, ‘हिमालया’ १९७४ मध्ये. ‘आर्केडिया’ १९७९ पर्यंत टिकली, पण वाट तिचीही काओशुंगचीच. या बोटी झिजल्या नव्हत्या. त्यांची जागा घ्यायला नव्या बोटी आल्याच नाहीत, कारण त्यांची जागा विमानाने घेतली होती.

८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. तेव्हा तिकीट इतकं महाग, की ते राजे-रजवाड्यांचं काम वाटायचं. पण चारच वर्षांनी, ५ जून १९५२ ला दिली जाणारी कोलंबिया विद्यापीठाची मानद पदवी घ्यायला बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले ते विमानाने. १९१३ चा विद्यार्थी कित्येक आठवडे समुद्रावर होता. १९५२ चा माणूस पंधरवड्यात जाऊन परत आला. एकाच माणसाच्या आयुष्यात एवढा फरक पडला. मग १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आलं आणि मुंबई-लंडन हा काही तासांचा मामला झाला. लिव्हरपूल ते मुंबई चालणाऱ्या अँकर लाइनने १९६६ मध्ये प्रवासी बोटी बंद केल्या. १९६७ च्या युद्धात सुएझ कालवा बंद पडला तो १९७५ पर्यंत. म्हणजे अख्ख्या आफ्रिकेला वळसा. त्यात १९७३ ला तेल भडकलं. बोटीची भट्टी विमानाच्या टाकीसमोर टिकेना. बॅलार्ड पियरवर हार-तुरे घेऊन जाणारी कुटुंबं सांताक्रूझला जायला लागली.

इथे थांबून आणखी एक गोष्ट बघू. मोड कुठे होते? ‘मुलतान’ तुटली स्कॉटलंडमध्ये. पुढच्या पिढीच्या बोटी तुटल्या तैवानमध्ये. मुंबई-आखाती बंदरं या मार्गावरची ‘द्वारका’ १९८२ मध्ये कराचीजवळच्या गदानीला. १९८३ पासून गुजरातेत भावनगरजवळ अलंगचा किनारा सुरू झाला. म्हणजे हे काम पश्चिमेकडून पूर्वेकडे, महाग मजुरीकडून स्वस्त मजुरीकडे सरकत आलं. अलंगला आणखी एक सोय आहे: भरती-ओहोटीतला प्रचंड फरक. भरतीच्या टोकाला बोट पूर्ण वेगाने किनाऱ्यावर घुसवायची. पाणी ओसरलं, की ती चिखलात रुतून बसते. ना सुकी गोदी, ना मोठी क्रेन. मग गॅस कटर घेऊन माणसं वर चढतात. ओडिशा, बिहार, झारखंड, उत्तर प्रदेशातून आलेली. पत्रे कापून री-रोलिंग मिलमध्ये जातात, त्याची सळई होते. खुर्च्या, आरसे, बेसिन, कपबशा रस्त्याकडेच्या दुकानांतून विकल्या जातात.

या किनाऱ्यावर आलेली सगळ्यांत नामांकित प्रवासी बोट म्हणजे फ्रान्सची ‘फ्रान्स’. १९६२ मध्ये तिने पहिली सफर केली. ३१५ मीटर लांब, त्या काळातली जगातली सर्वांत लांब प्रवासी बोट. म्हणजे विमानं आलेली दिसत असताना, देशाची इभ्रत म्हणून बांधलेली. सरकारी पैशावर ती बारा वर्षं चालली. १९७४ मध्ये सरकारने हात आखडला, तेव्हा खलाशांनी बोट ताब्यात घेऊन बंदराची वाट अडवली. उपयोग झाला नाही. पुढे ती ‘नॉर्वे’ नावाने पर्यटकांना फिरवत राहिली. २००३ मध्ये मायामी बंदरात तिचा बॉयलर फुटून आठ कामगार गेले. शेवटी ‘ब्लू लेडी’ या नावाने, १५ ऑगस्ट २००६ ला, ती अलंगच्या चिखलात शिरली.

तिच्यात हजार टनांहून जास्त ॲस्बेस्टॉस असल्याचा अंदाज होता. आगीपासून बचाव म्हणून त्या काळी भिंतीभिंतीत भरलेला. त्याचे तंतू छातीत गेले की वीस-तीस वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘क्लेमेंसो’ ही फ्रेंच युद्धनौका अशाच वादामुळे अर्ध्या वाटेतून परत बोलावली गेली होती. ‘ब्लू लेडी’चा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. २००७ च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयाने तोडायला परवानगी दिली. एका बाजूला कामगाराची छाती, दुसऱ्या बाजूला त्याच कामगाराची रोजी. या वादात सोपी बाजू कुठलीच नव्हती. पण एक नक्की: ‘फ्रान्स’वर जेवणाऱ्यांची, नाचणाऱ्यांची छायाचित्रं पुस्तकांतून छापली गेली, तिची भिंत फोडणाऱ्यांची नावं कुठे छापली आहेत?

पुढे २०१९ मध्ये भारताने जहाज-पुनर्वापराचा कायदा केला, आणि हाँगकाँग इथे २००९ साली ठरलेला आंतरराष्ट्रीय करार २६ जून २०२५ पासून लागू झाला. आता बोटीत कुठे काय घातक आहे याची यादी आधी द्यावी लागते. उशीर झाला, पण झालं.

तुम्ही म्हणाल, मोडण्यापेक्षा जपून का नाही ठेवत? काहींनी ठेवल्या. ‘क्वीन मेरी’ कॅलिफोर्नियात १९६७ पासून उभी आहे. ‘हिकावा मारू’ योकोहामाला आहे. पण लोखंड समुद्रात उभं राहिलं तरी गंजतंच, आणि दरवर्षी पैसा मागतं. आपण आपल्या ‘विक्रांत’चं बघितलंच. ती प्रवासी बोट नव्हे, विमानवाहू युद्धनौका. पण मराठी माणसाचा जीव तिच्यात गुंतला होता. ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली, मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, आणि २०१४ मध्ये सुमारे साठ कोटींना मोडीत गेली. मुंबईच्या दारूखान्यात तिचे तुकडे झाले. तिच्या पोलादाचा काही भाग मोटारसायकलीत वापरला गेला, आणि तीच जाहिरात झाली.

आम्ही काही बोटी जपा असं सांगायला आलेलो नाही. मोड ही वाईट गोष्ट नाही. भंडाऱ्याला हे कुणी शिकवायला नको. जुन्या पितळेतूनच नवी परात होते. वरठीसारख्या ठिकाणी पोलादाचा कारखाना बघणाऱ्या माणसाला माहीत असतं, की लोखंड मरत नाही, वितळतं आणि पुन्हा उभं राहतं. तेव्हा धातूची काळजी नको. तो स्वतःची सोय बघतो.

काळजी आहे ती धातूवर जे कोरलेलं असतं त्याची. गुंडावरचं आजीचं नाव भट्टीत पहिल्यांदा जातं. ‘मुलतान’वरचे बाबासाहेब इतिहासात राहिले, कारण ते बाबासाहेब होते. पण त्या बोटींच्या डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी होते, जेवणघरात गोव्याचे वाढपी होते, खाली इंजिनखोलीत कोळसा-तेलाच्या धगीत आपल्याच उपखंडातली माणसं होती. परिषदेला जाणारा पुढारी आणि त्याला नेणारा खलाशी, दोघेही एकाच देशाचे, एकाच बोटीवर. एकाची तारीखवार नोंद आहे, दुसऱ्याची बोटीबरोबर मोडीत गेली. अलंगच्या कामगाराचंही आज तेच चाललंय.

म्हणून जाता जाता एकच विनंती. १९५४ ची ती निवडणूक पाहिलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत. सभा कुठे झाली, कोण कशाने आलं, रात्री कुणाच्या घरी भाकरी झाली, हे विचारून लिहून ठेवा. घरातलं जुनं भांडं मोडीत द्यायचं असेल तर खुशाल द्या. फक्त काट्यावर टाकण्याआधी त्यावरचं नाव एका वहीत उतरवून घ्या. तेवढ्याला घट लागत नाही.