शांततेमागची आठ वर्षं

आर्वो पॅर्ट हे नाव ऐकलं नसेल, तरी त्याचं संगीत तुमच्या कानावरून गेलं असण्याची शक्यता आहे. एखाद्या सिनेमात, नाहीतर झोप लागावी म्हणून बनवलेल्या प्लेलिस्टमध्ये. संथ पियानो, मोजके सूर, मध्ये भरपूर मोकळी जागा. पण या संगीताला नुसतं 'रिलॅक्सिंग' म्हणणं मला पटत नाही. त्यातली शांतता सहज आलेली नाही.

पॅर्ट १९३५ साली एस्टोनियातल्या पाइडे गावी जन्मला. तो पाच वर्षांचा व्हायच्या आत सोव्हिएत फौजांनी देश ताब्यात घेतला. पुढे टॅलिनमध्ये रेडिओवर ध्वनिमुद्रणाची नोकरी करता करता तो रचना करू लागला. १९६० च्या 'नेक्रोलॉग'मध्ये त्याने युरोपातली बारा-स्वरी पद्धत वापरली आणि सरकारी टीका ओढवून घेतली. तरी खरी ठिणगी पडली ती १९६८ मध्ये, 'क्रेडो'मुळे. या रचनेत बाखचं साधंसं प्रील्यूड आधी उद्ध्वस्त होतं आणि शेवटी परत येतं. अधिकाऱ्यांना खटकलं ते मात्र वेगळंच : ख्रिस्तावरची श्रद्धा उघडपणे सांगणारे लॅटिन शब्द. 'क्रेडो'वर अघोषित बंदी आली.

त्यानंतरची आठ वर्षं पॅर्ट जवळजवळ गप्प होता. पोटासाठी सिनेमांना संगीत देत होता. १९७१ ची तिसरी सिम्फनी सोडली, तर मोठं असं फारसं काही नाही. हे मौन फक्त बंदीने लादलेलं नव्हतं. बारा-स्वरी वाट आपल्यासाठी संपली आहे, हे त्यालाही जाणवलं होतं. तो चर्चमधलं मध्ययुगीन एकसुरी गायन ऐकत, वह्यांमध्ये एकेक ओळ लिहीत पहिल्यापासून शिकत राहिला.

१९७६ मध्ये आली 'फ्यूर अलिना' : पियानोसाठी अवघी दोन पानं. तिची रीत आपल्याला समजायला सोपी आहे. एक ओळ सप्तकात पायरीपायरीने चालते. दुसरी तिच्यासोबत सा, कोमल ग आणि प एवढ्याच सुरांत फिरते. लहान घंटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून या पद्धतीला 'टिनटिनॅब्युली' म्हणतात. पुढच्याच वर्षी 'फ्रात्रेस' आणि 'ताबुला रासा' याच वाटेने आल्या.

१९८० मध्ये त्याला कुटुंबासह देश सोडावा लागला. आधी व्हिएन्ना, मग बर्लिन. १९८४ मध्ये जर्मनीतल्या ईसीएम कंपनीने 'ताबुला रासा'चा अल्बम काढला आणि जगाने त्याच्याकडे कान दिले. तीसेक वर्षांनी तो एस्टोनियात परतला. आज लाउलासमाच्या पाइनच्या जंगलात त्याच्या नावाचं केंद्र आहे.

बोलू न देणाऱ्या राजवटीत गप्प बसणं म्हणजे हार, असं आपण सहज म्हणतो. पॅर्टने त्या काळात कमीत कमी सुरांत खरं कसं बोलायचं हे शोधलं. 'फ्यूर अलिना' ऐकाल तेव्हा दोन सुरांमधल्या जागेकडेही लक्ष द्या. ती कमवायला त्याला आठ वर्षं लागली.